नखाखालचं दुखणं

“काहीच नाही म्हणजे?” तिने विचारलं.

मी लॅबच्या खिडकीच्या आत उभी होते, ती बाहेर. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला बँडेज होतं आणि तो हात तिने दुसऱ्या हाताच्या काखेत घट्ट दाबून धरला होता. तिच्यामागे एक म्हातारी पिशवीवर पाय ठेवून बाकावर बसली होती.

“म्हणजे चांगलंच आहे की,” मी म्हणाले. “कॅन्सर नाही, टीबी नाही. तुमच्या बोटातला जो तुकडा आला होता त्यात साधी कातडी आहे. सगळं असायला हवं तसं आहे.”

“मग दुखतं काय?”

“ते तुमचे डॉक्टर, पाटणकर सर, सांगतील,” मी म्हणाले. “रिपोर्टवर आमच्या सरांची सही व्हायची आहे. दुपारी या.”

मागून म्हातारी म्हणाली, “बघ. मी काय सांगत होते?”

ही गोष्ट एकोणनव्वदच्या जानेवारीतली, मिरजेची. मी तेव्हा पॅथॉलॉजीच्या एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. खरं तर मला सर्जरी हवी होती, मार्क कमी पडले. आमच्याकडे माणसं येत नसत, माणसांचे तुकडे येत. बाटलीवर नाव, सोबत एक फॉर्म. दीड वर्षात मी शेकडो रिपोर्ट लिहिले होते आणि त्यांतल्या एकाही माणसाचा चेहरा पाहिला नव्हता. सुरुवातीला त्याचं वाईट वाटे, नंतर बरं वाटायला लागलं.

हिचा फॉर्म माझ्या लक्षात राहिला होता, कारण तुकडा जेमतेम तिळाएवढा होता. मथुरा डोर्लेकर, वय चौतीस, राहणार रत्नागिरी. नखाखाली वेदना, अकरा वर्षे. खाली सर्जन डॉ. पाटणकरांनी लिहिलं होतं, ‘रुग्ण बोट कापून मागते आहे. तपासणीत गाठ लागत नाही. एक्स-रे नॉर्मल. काही न आढळल्यास मानसोपचार विभागाकडे.’

मी मायक्रोस्कोपखाली काच पाहिली होती आणि काही आढळलं नव्हतं. तसं लिहून कागद इनामदार सरांच्या ट्रेमध्ये ठेवला होता.

ती खिडकीपासून हलली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही बरोब्बर तीच जागा बघितलीत काय?”

तिची बोली मला आज जशीच्या तशी लिहिता येणार नाही. समुद्राकाठची, हेल काढून बोलायची. पण तो प्रश्न मात्र तिने अगदी सावकाश विचारला, जणू मला राग येऊ नये म्हणून.

“जो तुकडा आला तो बघितला,” मी म्हणाले.

“तसं नव्हे. दुखतं ती जागा लई बारीक आहे. मोहरीएवढी. बाजूला बोट लावलं तर काही नाही. तिथं लावलं तर इथपर्यंत कळ जाते.” तिने खांद्याला हात लावला. “तुकडा बाजूचा असेल तर त्यात काय दिसणार?”

म्हातारी उठून खिडकीशी आली. ही तिची सासू. “डॉक्टरीणबाई, तुम्ही हिचं मनावर घेऊ नका. पोरगी वाईट नाही. पण बर्फाच्या कामाला हात लावायचा म्हटलं की हिचं सुरू. आमच्याकडे सगळ्या बायका कोळंबी सोलायला जातात. बर्फात हात घालायला लागतो. ही घालणार नाही. थंडी पडली की चुलीपुढून उठणार नाही. आणि हे असलं.” तिने सुनेचा बँडेजवाला हात उचलून मला दाखवला. बोटाच्या मुळाशी, जिथे अंगठी घालतात तिथे, कातडीत एक खोल काळपट वळ होता.

“हे काय?” मी विचारलं.

“दोरा बांधते. जाळ्याचा दोरा, करकचून. बोट पांढरं पडेपर्यंत. लोक म्हणतात कुणी करणी केली, उतारा म्हणून बांधते. मी कुणाकुणाला तोंड देऊ?”

मथुरा खाली बघत होती.

“का बांधता?” मी तिला विचारलं.

“थांबतं,” ती म्हणाली.

“काय थांबतं?”

“कळ. दोरा आवळला की थांबते. सोडला की परत येते. पण तेवढा वेळ जरा झोप लागते.”

परीक्षेसाठी पाठ केलेलं एक पान डोक्यात कुठेतरी होतं, पण नीट समोर येत नव्हतं. थंडीने वाढणारी वेदना. एकाच बिंदूत. आणि रक्त अडवलं की थांबणारी.

“हे तुम्ही पाटणकर सरांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही. आणि दोऱ्याचं सांगितलं की लोक हसतात.”

“इथेच बसा,” मी म्हणाले. “कुठे जाऊ नका.”

आमचे विभागप्रमुख डॉ. इनामदार हे साठीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचा एक नियम होता. काच बघायच्या आधी फॉर्म वाचायचा नाही. “कागद आधी वाचला की डोळे कागदावरचंच बघतात,” असं ते आम्हाला पहिल्या दिवशी सांगत. त्यामुळे मी त्यांच्या खोलीत जाऊन “सर, एक पेशंट आली आहे,” असं म्हटलं तेव्हा त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

“पेशंट? इथे?”

“तिचा रिपोर्ट मी नॉर्मल दिलाय सर. ट्रेमध्ये आहे. मला वाटतं, तो चुकीचा आहे.”

“काच चुकीची वाचलीत?”

“नाही सर. काच नॉर्मलच आहे. पण ती सांगते ते…” आणि मी एका दमात सगळं सांगितलं. बर्फ, मोहरी, दोरा.

दोऱ्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

ते बाहेर आले. मी त्यांना व्हरांड्यात पेशंटसमोर उभं राहिलेलं प्रथमच पाहत होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. शेवटी ते म्हणाले, “डोर्लेकरबाई, जरा बँडेज सोडू का?”

सरांनी खिशातली पेन्सिल काढली. तिचं बोथट टोक नखाच्या कडेला टेकवलं. “इथे?” “नाही.” थोडं पुढे. “इथे?” “नाही.” पुन्हा थोडं पुढे, आणि मथुरा बाकावरून उठलीच. ओरडली नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंड उघडं राहिलं. मधल्या बोटाच्या नखाच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीचं टोक मावेल एवढीच ती जागा होती. पाटणकरांनी घेतलेल्या तुकड्याची जखम तिला लागूनच, पण मधोमध होती.

“आता तुमचा दोरा बांधा,” सर म्हणाले.

तिने कमरेच्या चंचीतून निळा नायलॉनचा दोरा काढला. एक टोक दातात धरलं आणि एका हाताने इतक्या सराईतपणे बोटाला वेढे दिले की मी बघतच राहिले. बोट पांढरं झालं. सर दोन मिनिटं थांबले. मग त्यांनी पेन्सिल त्याच जागी टेकवली आणि दाबली.

मथुरा शांत बसून होती.

“दुखतंय?”

“नाही.”

“आता सोडा.”

तिने दोरा सोडला. बोटात रंग चढताना आम्हाला दिसला, आणि रंग नखापर्यंत पोचला तशी तिने हात झटकन काखेत घातला.

सरांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाले, “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. एकदा जाळं शिवताना बोटाला दोरा अडकला होता. तेव्हा कळलं.”

“केव्हा?”

“मुलगी पोटात होती तेव्हा. नऊ-दहा वर्षं झाली.”

सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “क्षीरसागर, हे पुस्तकात आहे. एका मोठ्या डॉक्टरने शोधलेली परीक्षा म्हणून आहे. आणि या बाईंनी जाळं शिवताना ती शोधली.” मग त्यांनी तिला विचारलं, “आणि तुमचं कुणी ऐकलं नाही?”

सासूच म्हणाली, “साहेब, ऐकत नाही कसं? रत्नागिरीत चार डॉक्टर केले. देवाला कौल लावले. गेल्या साली हिने विळीवर बोट ठेवलं, कापायला. मी धावून विळी ओढली, त्यात माझा हात फाटला.” तिने तळहात पुढे केला. अंगठ्याखालून मनगटापर्यंत एक पांढरा व्रण गेला होता. “सात टाके पडले. आणखी काय ऐकायचं? आता माझा मुलगा बोटीवर गेलाय, तो म्हणून गेलाय, मिरजेच्या डॉक्टरांनी काही नाही म्हटलं तर हिला माहेरी गुहागरला सोड. पोरीला इकडेच ठेव.”

तेव्हा मला कळलं की मघाशी मी खिडकीतून काय सांगितलं होतं.

तुकडा मेणात बसवलेला असतो, लहानशा ठोकळ्यासारखा. त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतात. आमच्याकडे हे काम मुजावरचाचा करत. मी धावत त्यांच्याकडे गेले. त्यांनी ठोकळा उजेडात धरून पाहिला.

“फार उरलं नाही मॅडम. मेणच जास्त आहे. वीसेक काप निघतील. मग संपलं.”

“सगळे काढा. एकही टाकू नका.”

“एका कोपऱ्याला खोलवर जरा निराळं दिसतंय,” ते म्हणाले. “पण मी सांगून काय उपयोग?”

त्यांनी यंत्राचं चाक फिरवायला सुरुवात केली. काप रिबिनीसारखे बाहेर येत, ते कोमट पाण्यावर सोडत, आणि ब्रशने एकेक काचेवर उचलून घेत. मी त्यांच्याशेजारी उभी राहून बघत होते. एक काप सुरकुतला तेव्हा चाचा “या अल्ला” म्हणाले आणि पुन्हा पाण्यावर सोडून तो सरळ केला. काचा रंगवून हातात यायला दोन तास लागले. ते दोन तास मथुरा आणि तिची सासू व्हरांड्यात बसून होत्या. मी दोनदा डोकावले. म्हातारीने सुनेला भाकरी मोडून दिली होती.

पहिल्या सहा काचांत काही नव्हतं. तीच कातडी, तेच नखाखालचं मांस.

सातव्या काचेच्या कडेला जांभळा ठिपका दिसला.

मी लेन्स बदलली. ठिपका पसरला आणि त्यात पेशी दिसायला लागल्या. लहान, गोल, एकसारख्या. प्रत्येकीच्या मधोमध एक काळसर ठिपका, कंपासने काढावा तसा. आणि त्या कशाही पडलेल्या नव्हत्या. मध्ये एक बारीक रक्तवाहिनी, तिच्याभोवती त्यांच्या ओळी, एकीला लागून दुसरी, तिच्या बाहेर तिसरी. शेजारी दुसरी रक्तवाहिनी, तिच्याभोवतीही तसंच. आठव्या काचेत तो ठिपका वाढला होता. नवव्यात आणखी.

“सर,” मी हाक मारली. माझा आवाज मलाच निराळा वाटला.

सरांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. “काय वाटतं?”

“घामाच्या ग्रंथीची गाठ?” मी म्हणाले. “पण दुखणं… सर, ही ग्लोमसची गाठ असेल?”

“वाटण्यावर सही करायची नसते. चांदीचा रंग करा.”

चांदीच्या रंगाने पेशींमधले धागे काळे उमटतात. घामाच्या ग्रंथीची गाठ असती तर पेशींच्या घोळक्याभोवती एक कुंपण दिसलं असतं; ग्लोमसची असेल तर एकेका पेशीभोवती निराळं. संध्याकाळी मुजावरचाचांनी ती काच दिली. मी डोळा लावला. एकेका पेशीभोवती काळ्या धाग्याचा निराळा फास होता, हजारो पेशींचं एक बारीक जाळं. एकही घर रिकामं नाही, एकही धागा तुटलेला नाही. एवढं सगळं मोहरीच्या दाण्याच्या एका चतकोरात होतं, आणि ते अकरा वर्षं एका बाईला झोपू देत नव्हतं.

मी ट्रेमधला माझा रिपोर्ट काढून फाडला. सरांनी ते पाहिलं. नवा रिपोर्ट मी लिहिला, त्यांनी सही केली, आणि ते स्वतः तो घेऊन पाटणकरांकडे गेले.

चौथ्या दिवशी पाटणकरांनी नख उचलून गाठ पूर्ण काढली. बाटलीत आली तेव्हा मी ती हातावर घेऊन पाहिली. निळसर लाल, गुळगुळीत, चार मिलिमीटर.

टाके काढायच्या दिवशी त्या दोघी पुन्हा खिडकीशी आल्या. मथुराच्या दोन्ही हातांत काही ना काही होतं. डाव्या हातात पिशवी, उजव्या हातात पाण्याने भरलेला तांब्या. तो उजवा हात काखेबाहेर पाहायची मला सवय नव्हती.

“बरं आहे?” मी विचारलं.

“बाई, परवा पहाटे वॉर्डच्या नळाखाली मी चुकून हात धरला,” ती म्हणाली. “केवढं गार पाणी. मी डोळे मिटून वाट बघत राहिले. काहीच आलं नाही. मग दुसऱ्यांदा धरला. मग तिथेच बसून हसायला लागले. शेजारच्या बायकांना वाटलं, हिला वेड लागलं.”

मग तिने जरा अडखळत विचारलं, “ते काढलंत ना, ते मला बघायला मिळेल?”

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सरांकडे गेले. सर म्हणाले, “तिचंच आहे ते. दाखवा.”

मी तिला आत घेतलं, माझ्या स्टुलावर बसवलं, आणि एक डोळा कसा लावायचा ते सांगितलं. बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम तिचे खांदे स्थिर झाले.

“हे?” ती म्हणाली.

“हो. ते मधले पांढरे रस्ते दिसतात ना, त्या रक्ताच्या नळ्या. आणि भोवती गोल दाणे आहेत ती तुमची गाठ.”

“ही कुठून आली?”

“सगळ्यांच्याच बोटांत अशा बारीक गाठी असतात, ग्लोमस म्हणतात त्यांना. माझ्याही आहेत. बाहेर गार आहे की गरम, ते बघून रक्ताची वाट उघडायची नाहीतर बंद करायची, एवढं त्यांचं काम. तुमच्या बोटातली एक वाढत गेली. वाईट नाही ती. पसरत नाही, जिवाला धोका नाही. फक्त दुखते.”

“फक्त,” ती हसली. पण डोळा काढला नाही. काच मी हळूहळू सरकवत होते आणि तिच्यासमोरून तिचं बोट जात होतं. “काय मांडलंय हो हे. एकसारखं. कुणी बसून ओवल्यासारखं.” मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “माझ्या आत होतं हे. खरंच होतं.”

सर दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

मथुरा उठली आणि दाराबाहेर हाक मारली. “आई, इकडे या.”

म्हातारी आत यायला तयार नव्हती. “मला काय कळतंय त्यातलं?” असं म्हणत आली, चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तशी. स्टुलावर बसेना. मथुराने तिला खांद्याला धरून बसवलं आणि तिचा एक डोळा स्वतःच्या हाताने झाकला, त्याच बोटाने, ज्यावर अजून नख आलं नव्हतं.

“दिसतंय?”

“काळोख आहे.”

“जरा पुढे व्हा. श्वास धरा.”

मी चाक थोडं फिरवलं. म्हातारीचा हात टेबलावर होता, व्रणाचा. तो हळूच टेबलाची कड धरायला लागला.

“अगं बाय,” ती म्हणाली. “हे एवढं?”

“एवढं.”

“हेच दुखत होतं?”

“हेच.”

लॅबमध्ये मुजावरचाचांच्या यंत्राचा आवाज थांबला होता. म्हातारी डोळा लावून तशीच बसली होती. मग तिने मान वर केली, पण सुनेकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “मग सांगायचंस ना गो.”

मथुरा तिच्या मागे उभी होती. तिचा हात अजून म्हातारीच्या खांद्यावरच होता. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. एखादी साधी गोष्ट सांगावी तशी ती म्हणाली,

“सांगत तर होते.”

म्हातारीने पुन्हा वाकून डोळा लावला, आणि या वेळी दुसरा डोळा स्वतःच्याच हाताने झाकून घेतला.